चार नळ्यांचे गणित

कॅडेट मित्रांनो, अकरावीला भौतिकशास्त्र शिकवताना लाटांचा धडा आला की मी फळ्यावर इंजिनाच्या चार नळ्या काढतो. नळीच्या उघड्या टोकावरून दाबाची लहर उलटी होऊन परतते, हे पुस्तकातले वाक्य तिथे प्रत्यक्ष कामाला येते.

ब्रिटनमध्ये हौशी लोक सुटे भाग आणून घरीच छोटी स्पोर्ट्स कार जोडतात. तिला किट कार म्हणतात. १९५७ च्या लोटस सेव्हनच्या धर्तीवरच्या अशा काही गाड्यांत मोटारसायकलचे इंजिन बसवतात. उदाहरणार्थ, सुझुकी हायाबुसाचे १२९९ सीसीचे. ते हलके असते आणि मिनिटाला १०,००० फेरे सहज घेते.

मोटारसायकलवर या इंजिनाचा धूर पुढून निघतो आणि नळ्या इंजिनाखालून मागे जातात. कारमध्ये मात्र इंजिन ९० अंशांत वळवतात. चेनच्या स्प्रॉकेटची बाजू मागे आली, की तिथून शाफ्टने मागच्या चाकांना जोर देता येतो. मग धुराची तोंडे गाडीच्या कडेला येतात. गॅरेजमध्ये आपण ज्याला बेंड पाइप म्हणतो, तो मूळचा तिथे बसत नाही. नवा घडवावा लागतो.

त्याची लांबी किती? १०,००० फेऱ्यांच्या वेगाला एक फेरा ६ मिलिसेकंदांचा. पिस्टन धूर ढकलतो तो अर्धा फेरा, म्हणजे ३ मिलिसेकंद. तापलेल्या धुरात लहर सेकंदाला साधारण ५०० मीटर धावते; तेवढ्या वेळात १.५ मीटर. हे जाऊन-येऊनचे अंतर, म्हणून नळी सुमारे ७५ सेंटिमीटर. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. नळ्या जिथे एकत्र येतात तिथून लहर कमी दाबाची होऊन परतते. धुराची झडप मिटत असताना आणि हवेची उघडत असताना ती पोचली, तर उरलेला धूर ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला जागा होते.

५,००० फेऱ्यांना हीच लांबी दुप्पट लागेल. म्हणजे एकच मॅनिफोल्ड सगळ्या वेगांना सारखा लाभत नाही. जोर कुठे हवा ते आधी ठरवावे लागते. चारही नळ्या थेट एकात मिळवल्या तर फायदा बहुधा वरच्या वेगाला होतो. आधी १-४ आणि २-३ अशा जोड्या करून मग एक केल्या, तर मधल्या वेगांना जोर चांगला मिळतो. चारही नळ्यांची लांबी सारखी ठेवायची, म्हणूनच जवळच्या नळीला मुद्दाम वळसे देतात.

खरी कसोटी ताकदीची नाही, सुरक्षिततेची आहे. इंजिन रबरावर थरथरते. नळी चॅसिसला घट्ट बांधली तर वेल्डिंगपाशी तडा जातो. तिथून गळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून सांधे स्प्रिंगने धरलेले सरकते ठेवतात, सायलेन्सर रबरावर टांगतात आणि उतरताना पाय भाजू नये म्हणून नळीवर जाळी लावतात.

पुढे अभियांत्रिकीला गेलात तर फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत हेच गणित भेटेल; तिथे इंजिनाची मर्यादा ७१० सीसी आहे. तोवर घरच्या मोटारसायकलचा पाइप कापू नका. गाडी थंड असताना एक मऊ तार नळीच्या वळणांवरून फिरवा, लांबी मोजा आणि ती किती फेऱ्यांना जुळते ते वहीत काढून मला दाखवा.