एवढा क्लोरीन जातो कुठे?

मोठ्या सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात (एसटीपीत) शेवटच्या टाकीपाशी हायपोचा कॅन ठेवलेला असतो. छोटा पंप त्यातलं सोडियम हायपोक्लोराइट थेंबाथेंबाने पाण्यात सोडतो आणि ते पाणी पुढे बागेला, फ्लशला जातं. तरीही तपासणीत कोलिफॉर्म जिवाणू निघाले की पहिला उपाय ठरलेला: डोस वाढवा. अनेकदा त्याने काहीच फरक पडत नाही.

कारण हायपोतला क्लोरीन जंतूंपर्यंत पोचण्याआधीच अमोनिया त्याला गाठतो. हायपो पाण्यात पडला की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. पेशीच्या आवरणातून आत शिरून जंतू मारण्याचं काम मुख्यतः त्याचंच. पण लघवीतल्या युरियापासून झालेला अमोनिया पाण्यात असेल, तर या आम्लाचं बघता बघता क्लोरामाइन होतं. तेही जंतू मारतं, पण फार सावकाश, आणि त्या शेवटच्या, म्हणजे संपर्क टाकीत पाणी थांबतं साधारण अर्धा तास. अमोनिया संपवून मोकळा, म्हणजे अमोनियाशी न जोडलेला क्लोरीन उरवायचा, तर अमोनियातल्या दर मिलिग्रॅम नायट्रोजनमागे व्यवहारात सुमारे 10 मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. लिटरमागे असं 20 मिलिग्रॅम नायट्रोजन असेल, तर डोस जातो 200 मिलिग्रॅमवर! एवढा हायपो कोणी ओतत नाही, ओतूही नये.

क्लोरीन तपासण्याची ऑर्थोटोलिडिनची चाचणीही इथे चकवते. थेंब टाकताच नमुना पिवळा झाला, तर मोकळा क्लोरीन आहे. चार-पाच मिनिटांनी हळूहळू पिवळा झाला, तर ते बहुतांशी क्लोरामाइन. वहीत मात्र दोन्हींची नोंद एकच होते: ‘क्लोरीन आहे’.

हे पाणी नदीत सोडायचं असेल तर आणखी काळजी हवी. अगदी थोडा उरलेला क्लोरीन किंवा क्लोरामाइनही माशांच्या कल्ल्यांना इजा करतं, म्हणून आधी सोडियम बायसल्फाइट टाकून तो काढावा लागतो.

माझ्या मते निर्जंतुकीकरणाची लढाई हवेच्या टाकीतच जिंकावी लागते. तिथले सावकाश वाढणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात, आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो. वीजबिल वाचवायला रात्री हवा फुंकणारे ब्लोअर बंद ठेवले की काम अर्ध्यावर अडतं. मागे राहिलेलं नायट्राइट तर मोकळा क्लोरीन झपाट्याने संपवतं: त्यातल्या दर मिलिग्रॅम नायट्रोजनमागे 5 मिलिग्रॅम. म्हणून कोलिफॉर्म वाढले की हायपोचा पंप वाढवण्याआधी अमोनिया मोजावा आणि ब्लोअर किती तास चालले ते पाहावं.