मारियाचे काम करणारी साबी

पेरू म्हटले की आपल्याला फळ आठवते. पण पेरू नावाचा एक देशही आहे बरं का! तो दक्षिण अमेरिकेत, समुद्रकाठी आहे. लिमा ही त्याची राजधानी. या लिमा शहरात १९३९ साली साबी कामालिच हिचा जन्म झाला. मोठेपणी ती नटी झाली.

१९६९ साली तिकडे टीव्हीवर एक मालिका सुरू झाली. मालिका म्हणजे थोडी थोडी करून सांगितलेली लांब गोष्ट. तिचे नाव होते 'सिंप्लेमेंते मारिया', म्हणजे 'नुसती मारिया'. मारियाचे काम साबीने केले.

ही मारिया कोण? खेड्यातली एक गरीब पोर. पोटासाठी ती शहरात येते. श्रीमंताघरी मोलकरीण होते. तिला अक्षरओळख नसते. शहरातला एक शिकलेला तरुण तिला फसवतो. पदरात मूल येते आणि तो पाठ फिरवतो. मारिया रडते, पण खचत नाही. दिवसभर राबते आणि रात्री साक्षरता वर्गाला जाते. एस्तेबान गुरुजी तिला लिहा-वाचायला शिकवतात. मग ती शिवण शिकते. कपडे शिवता शिवता मोठा धंदा उभा करते. मुलालाही वाढवते.

खरी नवलाई तर पुढेच आहे. त्या काळी लिमात खेड्यांतून आलेल्या पुष्कळ मोलकरणी होत्या. त्याही ही मालिका पाहत. त्यांना वाटले, ही तर आपलीच कथा! मारिया शिकली, मग आपण का नाही शिकायचं? त्या रात्रीच्या वर्गात नावे घालू लागल्या. शिवणाच्या वर्गांतही गर्दी झाली. शिलाई मशीनचा खप वाढला. सिंगर कंपनीने साबीला सोन्याचे छोटे मशीन भेट दिले. गोष्टीत पुढे मारियाचे एस्तेबान गुरुजींशी लग्न लागते. त्याचे चित्रण लिमाच्या एका चर्चमध्ये झाले. तेव्हा सुमारे १०,००० माणसे लोटली. जणू घरचेच कार्य!

१९७१ साली मालिका संपली. साबी पुढे मेक्सिको देशात गेली. तिथे तिने बरीच वर्षे कामे केली. २०१७ साली ती वारली.

पण मारिया मागे राहिली. मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी या मालिकेचा अभ्यास केला. १९७५ साली त्यांनी मुद्दाम प्रौढ साक्षरतेसाठी एक मालिका काढली. ती पाहून लाखो लोक वर्गाला आले. आपल्या विदर्भातले वसंत साठे दिल्लीत मंत्री होते. मेक्सिकोला गेले असताना त्यांनी ही रीत पाहिली. त्यातून १९८४ साली आपल्या दूरदर्शनवर 'हम लोग' ही मालिका आली.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. साबी नटी होती. पाटी घेऊन बसणे हे तिचे सोंग होते. पण ते पाहून ज्या बाया वर्गाला गेल्या, त्यांचे शिकणे खरे होते. मारियासारखे धनवान सगळ्यांना होता येत नाही. पण सही करता आली, हिशेब वाचता आला, तर कुणी सहज फसवू शकत नाही. हे काय थोडे आहे? गोष्ट वाट दाखवते. चालायचे मात्र आपल्यालाच.