चढणीवर इंजिनाला तेल कमी पडू नये म्हणून

खानापूर-जांबोटीकडची काय किंवा चोर्ला घाटाखालच्या सत्तरीची काय, आपल्या लोकांची बरीचशी शेते व काजूच्या बागा उतारावर आहेत. तेथे जीप किंवा ट्रॅक्टर चढणीवर घालावाच लागतो. पुढे कधीतरी इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागतात आणि मेस्त्री सांगतो, "बेअरिंगे गेली." मग तेल विकणाऱ्या दुकानदाराला बोल लावला जातो. पुष्कळदा हा बिघाड चढणीवरच सुरू झालेला असतो. म्हणून या विषयाची थोडी माहिती शेतकरी बंधुभगिनींपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

इंजिनाच्या तळाशी तेलाचे चेंबर असते. त्यात एक जाळी बुडालेली असते. तिच्यातून पंप तेल ओढतो व क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचवतो. तेथे तेलाचा अगदी पातळ थर लोखंडाला लोखंड घासू देत नाही. आता असे पाहा : चार फुटांना एक फूट असा चढ आहे आणि चेंबर ४० सेंटिमीटर लांब आहे. चढावर त्याचे एक टोक दुसऱ्यापेक्षा १० सेंटिमीटर वर जाते. तेल साहजिकच खालच्या बाजूला धावते. जाळी वरच्या बाजूला असली आणि तेल आधीच कमी असले, तर जाळी उघडी पडते. पंप तेलाऐवजी हवा ओढतो, आणि थोड्याच वेळात बेअरिंगे खरवडली जातात.

हे टाळणे अवघड नाही. पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून तेलाची पट्टी पाहावी. उतारावर पाहिलेले माप खोटे असते. डोंगरात जायचे असेल तेव्हा तेल वरच्या खुणेपर्यंत असावे.

२. "थोडे जास्तच असू द्या" म्हणून खुणेच्या वर मात्र भरू नये. फिरता क्रँक त्या तेलाला घुसळतो, फेस होतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच.

३. तेल व फिल्टर पुस्तिकेत सांगितलेल्या तासांना बदलावे. गाळाने जाळी तुंबली की भरल्या चेंबरातही इंजिन उपाशी राहते.

४. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तेलाचा लाल दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर तो दुरुस्त करून घ्यावा. मेलेला दिवा धोका सांगणार नाही.

५. चढावर इंजिन चालू ठेवून गप्पा मारीत थांबू नये. योग्य गिअर आधीच टाकून एकसारख्या वेगाने चढ पार करावा. उगाच रेस वाढवू नये.

६. दिवा लुकलुकला तर रेस सोडून जवळच्या सपाट जागी यावे. पेटूनच राहिला तर ब्रेक दाबून धरावा, इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढून गिअर टाकावा व चाकांमागे दगड लावावेत. दिवा लागतो तेव्हा दाब फारच उतरलेला असतो. "घरी गेल्यावर पाहू" म्हणणे महागात पडते.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ओढ्याच्या काठावर तिरपा ठेवलेला पाण्याचा पंप, किंवा उतारावर उभा करून मळणीला जोडलेला ट्रॅक्टर, तासन् तास त्याच स्थितीत चालतो. चढ दोन मिनिटांत संपतो, हे काम दिवसभर चालते. म्हणून इंजिनाखाली जमीन सपाट करून घ्यावी. कुदळीचे अर्ध्या तासाचे काम इंजिनाचा मोठा खर्च वाचवील.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. ज्या उतारावर तेल एका बाजूला जाते, त्याच उतारावर ट्रॅक्टरही कलंडू शकतो. आडव्या उतारावर वळू नये, उतरताना न्यूट्रल करू नये, मडगार्डावर मुलांना बसवू नये. आणि गाडी कलंडलीच, तर सरळ करून लगेच किल्ली मारू नये. तेल सिलिंडरात उतरलेले असू शकते. मेस्त्रीला बोलवावे. त्याआधी चालवणाऱ्याला काही झाले आहे का ते पाहावे, व इजा असल्यास डॉक्टरांकडे न्यावे. इंजिनाचे काम नंतर करता येते.