वसईच्या हवेचा दाब मोजायला कोणता सेन्सर?

संगणकाला जोडायचा दाबमापक घेताना बहुतेक जण आधी किंमत पाहतात आणि मग माहितीपत्रकातला अचूकतेचा आकडा. वसई-विरारच्या किनारपट्टीसाठी कसोटी वेगळी हवी, असे मला ठामपणे वाटते. उष्ण कटिबंधात हवेचा दाबही दर्याच्या भरती-ओहोटीसारखा दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो सर्वाधिक असतो, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. आपल्याकडे हा चढउतार जेमतेम तीन-चार हेक्टोपास्कलचा. जानेवारी आणि जुलैच्या सरासरीतला फरकही दहाच्या आसपास. एवढा बारीक बदल ज्याला टिपता येतो, तोच सेन्सर इथे कामाचा.

एमपीएक्स४११५ हा जुना अ‍ॅनालॉग सेन्सर दर किलोपास्कलला सुमारे ४६ मिलिव्होल्ट देतो. आर्डुइनो उनो हा बोर्ड पाच व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे त्याची एक पायरी पडते एक हेक्टोपास्कलहून किंचित मोठी. दिवसभराचा सगळा चढउतार तीन-चार पायऱ्यांत आटोपतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला तर अ‍ॅनालॉग सिग्नल थेट वाचताच येत नाही. याउलट बॉशच्या बीएमपी२८० मध्ये दाबाबरोबर तापमानही मोजले जाते आणि कारखान्यात ठरवलेले दुरुस्तीचे गुणांक चिपमध्येच साठवलेले असतात. ते वापरून संगणक हिशेब करतो. त्याची सापेक्ष अचूकता ०.१२ हेक्टोपास्कल आहे, नंतरच्या बीएमपी३९० ची ०.०३.

यावर आक्षेप येईल की बीएमपी२८० चे मूळ मूल्य एका हेक्टोपास्कलने चुकू शकते आणि वर्षभरात तेवढेच सरकूही शकते. आक्षेप खरा आहे, पण कायमची चूक वजाबाकीने जाते. शांत हवेच्या दिवसांत हवामान विभागाच्या सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदींशी आपल्या नोंदींची सरासरी ताडून पाहावी आणि दर काही महिन्यांनी पुन्हा तपासावी. मात्र त्याआधी उंचीचा हिशेब हवा: साधारण पावणेनऊ मीटर वर गेले की दाब एक हेक्टोपास्कलने घटतो. सेन्सरचा आवाज, म्हणजे नोंदीतली थरथर, मात्र अशी एका वजाबाकीने काढता येत नाही. अनेक फोनमध्ये दाबमापक असतोच, हा दुसरा आक्षेप. पण फोन मालकाबरोबर जिने चढतो, आणि प्रत्येक मजल्याला आकडा बदलतो. एका जागी बसवलेल्या सेन्सरची आजची नोंद कालच्या त्याच वेळेशी ताडली की रोजचा चढउतार गळून पडतो आणि खरी घसरण उरते. ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते ही चक्रीवादळे ज्या किनाऱ्याने पाहिली, तिथल्या शाळा-महाविद्यालयांनी ही घसरण स्वतः मोजायला शिकले पाहिजे. दर्यावर जायचे की नाही, हे मात्र हवामान विभागाच्या इशाऱ्यावरच ठरवावे.

तेव्हा परवडत असेल तर बीएमपी३९० घ्या, नाहीतर बीएमपी२८० पुरेसा आहे. तो ऊन, पाऊस आणि खारे शिंतोडे लागणार नाहीत अशा हवेशीर डबीत बसवा, आणि एकदा बसवल्यावर त्याची जागा बदलू नका.