गुडघा नवा, दोर जुना

आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंचा गुडघा बदलला होता. 3 महिन्यांत त्या वॉकर सोडून काठीवर आल्या. एक दिवस मोरीत पाय घसरला. त्या सावरल्या, पण गुडघ्यात 'कट्' झालं आणि पाय सरळ उचलेना. मुरगळला असेल म्हणून 8 दिवस तेल चोळण्यात गेले. चोळायला आम्हीच सांगितलं होतं. म्हणून आज हा विषय घेतला.

मांडीच्या पुढच्या स्नायूपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत आणि वाटीपासून नडगीच्या हाडापर्यंत जाड, चिवट पट्टी असते. तिला कंडरा म्हणतात. रहाटावरून दोर ओढावा तशी ती पाय सरळ करते. ऑपरेशनमध्ये सांधा नवा बसतो, कंडरा मात्र जुनीच राहते. दोर तुटला, तर नव्या रहाटानेही बादली वर येत नाही.

असं फार जणांना होत नाही. पण मधुमेह, संधिवात, मूत्रपिंडाचा आजार असेल, बरेच दिवस स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असतील किंवा त्याच गुडघ्याचं दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं असेल, तर धोका जास्त.

ओळखायचं कसं? आधी पाय सरळ उचलता येत होता आणि आता अचानक येत नाही. चालताना गुडघा मुडपतो. वाटीच्या वर किंवा खाली खळगा लागतो, सूज येते. यातलं काहीही दिसलं तर चोळू नका, शेकू नका, गुडघा ओढून वाकवू नका. पाय सरळ ठेवून फळी किंवा उशीचा आधार द्या, पाय टेकवू नका आणि त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे न्या. ऑपरेशनचे कागद आणि चालू गोळ्या सोबत घ्या.

कंडरा थोडीच फाटली असेल, तर बऱ्याचदा पट्टा लावून पाय काही आठवडे सरळ ठेवतात. पूर्ण तुटली तर बहुतेक वेळा पुन्हा ऑपरेशन लागतं. वाटीखालची कंडरा नुसती शिवून अनेकदा टिकत नाही, म्हणून दुसरी कंडरा किंवा जाळी लावून तिला बळकटी देतात. त्यानंतरही दीड-दोन महिने पाय सरळच ठेवावा लागतो. मग डॉक्टर सांगतील तसा हळूहळू वाकवायचा. घाई केली की दुरुस्ती सैल पडते.

घरी एवढं सांभाळू या. मोरी कोरडी ठेवायची, भिंतीला धरायला दांडी लावायची, कमोडची खुर्ची आणायची. उकिडवं बसायला लावायचं नाही. साखर ताब्यात ठेवायची. स्टेरॉईडची गोळी मनाने बंद करायची नाही.

त्या सासूबाईंना गटाच्या कर्जातून दवाखान्यात नेलं. आता त्या पट्टा लावून अंगणात चालतात. ते 8 दिवस मात्र परत मिळाले नाहीत. तुमच्या गटात कुणाच्या घरी गुडघा बदललेलं माणूस असेल, तर पुढच्या बैठकीत हे नक्की सांगा.