शिकाऱ्याचे पाय

शिकारीवरचा लेख म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे मचाण, बंदूक आणि झुडपात दबा धरून बसलेला वाघ उभा राहतो. तसे काही या लेखात नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यात ससासुद्धा मारलेला नाही. माझा विषय शिकाऱ्याच्या घोट्याखालचा आहे. हाडे गोठवणाऱ्या थंडीत तासन्‌तास बर्फावर उभा राहणारा शिकारी आपले पाय कोरडे आणि उबदार कसा ठेवतो, एवढेच मला सांगायचे आहे. "बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला ही उठाठेव कशाला?" असे वर्गमित्रांनी विचारलेच. त्याचे उत्तर आमच्या घरातून सुरू होते, म्हणून आधी घरचे सांगतो.

आमचे गाव निफाड तालुक्यात. द्राक्षांसाठी हा तालुका प्रसिद्ध असला तरी हिवाळ्यात त्याचे नाव वर्तमानपत्रात येते ते थंडीमुळे. पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. आमची द्राक्षबाग नाही. दीड एकरात गहू आणि कांदा. शेतीची वीज पाळीने मिळते. रात्रीची पाळी आली की अण्णा खांद्यावर घोंगडी आणि हातात बॅटरी घेऊन गव्हाला पाणी भरायला जातात, तेही अनवाणी. पहाटे परततात तेव्हा त्यांचे पाय पांढरेफटक पडलेले, कातडी सुरकुतलेली, बोटांना चिमटा काढला तरी कळत नाही. आई त्यांना चुलीपुढे बसवते, फडक्याने पाय कोरडे करते आणि भेगांत कोकमतेल भरते. हे मी लहानपणापासून इतके पाहिले होते की ते दिसेनासेच झाले होते.

गेल्या दिवाळीत 'कमवा आणि शिका' योजनेत साठलेल्या पैशांतून मी अण्णांसाठी रबरी गमबूट घेतले. पायही कोरडे राहतील आणि साप-विंचवाचे भयही जाईल, असा विचार. अण्णांनी ते चार रात्री घातले. पाचव्या रात्री बूट माळ्यावर गेले. मी विचारले तेव्हा म्हणाले, "बाहेरचं पाणी परवडलं रे, हे आतलं नको." मला राग आला. माझी पहिली कमाई होती ती. घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा मी. जुन्या माणसांना नवी वस्तू वापरता येत नाही, असे काहीसे मी तोंडावर बोलून गेलो. अण्णा हसले. आई मात्र काहीच बोलली नाही, आणि तेच अधिक लागले.

पुढे भूगोलाच्या तासाला टुंड्रा प्रदेश आला. सरांनी ग्रंथालयातून एक इंग्रजी पुस्तक काढून दिले. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते महिनाभर वाचत होतो, आणि त्यातल्या पादत्राणांच्या प्रकरणाशी येऊन थबकलो. अण्णांच्या त्या एका वाक्यातला प्रश्न तिथे जसाच्या तसा होता!

मुळात पायच आधी का गारठतात? आपले शरीर सदतीस अंशांच्या आसपास तापमान राखते. पण ही राखण सर्वांत आधी हृदय, मेंदू, यकृत यांची. थंडी वाढली की हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ऊब आत राखली जाते. घरात धान्य कमी पडले की घरची बाई आधी स्वतःच्या ताटातले कमी करते, तसाच हा प्रकार. म्हणून पाय गार पडले तर डोक्याला मफलर गुंडाळावा, पोटात तूपतेल जावे, हे म्हणणे वेडेपणाचे नाही. धड उबदार असेल तर शरीर पायांना रक्त देते. दुसरी गोष्ट ओलीची. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. पायाला ऊब देते ती बुटाची कातडी नसून तिच्या आत अडकलेली स्थिर, कोरडी हवा असते. ती हवा ओली झाली की सगळा खेळ संपला. याच कारणाने घट्ट बुटात दोन मोजे घातले तर पाय अधिकच गारठतो; हवेलाही जागा राहत नाही आणि रक्तालाही.

आणि ही ओल आतूनही येते. आपल्या दोन्ही पायांत मिळून सुमारे अडीच लाख घामाच्या ग्रंथी आहेत. शिकाऱ्याची अडचण नेमकी इथे आहे. तो आधी बर्फातून मैलोन्‌मैल चालतो, तेव्हा पायांना घाम येतो. मग एका जागी हालचाल न करता उभा राहतो, तेव्हा तोच घाम थंड होतो. चालणाऱ्याला एक बूट हवा, उभ्या राहणाऱ्याला दुसरा. आणि पाय तर तेच!

उत्तर ध्रुवाकडच्या ज्या लोकांना आपल्याकडे एस्किमो म्हणत आले, ते कॅनडा व ग्रीनलंडमधले लोक स्वतःला इन्युइट म्हणवतात. त्यांची हिवाळ्यातली सीलची शिकार म्हणजे उभे राहण्याची परीक्षा. समुद्र गोठलेला असतो. खाली पोहणारा सील श्वासासाठी बर्फात भोके राखून ठेवतो, नखांनी खरवडून ती उघडी ठेवतो. अशी भोके अनेक. शिकाऱ्याचा कुत्रा वासावरून एखादे हुडकतो आणि शिकारी भाला घेऊन त्याच्याशी वाकून उभा राहतो. सील केव्हा येईल, याचा नेम नाही. उणे तीस अंशांतही तासन्‌तास असे उभे राहायचे आणि पाय हलवायचा नाही, कारण बर्फ करकरला की खाली सीलला ऐकू जाते. म्हणून तो पायाखाली केसाळ कातड्याचा तुकडा अंथरतो. आवाजही दबतो आणि बर्फाचा गारवाही थेट तळव्याला भिडत नाही.

त्याच्या बुटाला 'कामिक' म्हणतात. कोरड्या, कडक हिवाळ्यात तो कॅरिबू नावाच्या रानटी रेनडिअरच्या कातड्याचा असतो. कॅरिबूचा केस आतून पोकळ असतो, म्हणजे प्रत्येक केसात हवा कोंडलेली. आतला मोजा केसांची बाजू पायाकडे करून शिवतात, बाहेरचा बूट केस बाहेर ठेवून. पायांच्या कातड्याचे केस आखूड आणि टिकाऊ म्हणून बुटाला तेच कातडे घेतात. दोन थरांमध्ये जागा सैल. तळाशी काही ठिकाणी वाळके गवत भरतात. ते घाम पिते आणि काढून बदलता येते. वसंतात बर्फ वितळू लागला की मात्र कॅरिबूचे कातडे कुचकामी, ते भिजते. तेव्हा केस काढलेल्या सीलच्या कातड्याचा बूट वापरायचा, आणि तळाला दाढीवाल्या सीलचे जाड कातडे. कोरड्या थंडीचा बूट वेगळा आणि ओल्या थंडीचा वेगळा, हा भेद मी गमबूट घेताना केला नव्हता.

पण कातडे कितीही चांगले असो, पाणी शिरते ते शिवणीतून. शिवण आली की सुईचे भोक आले. हे भोक बंद कसे करायचे? इथे त्या बायकांची करामत पाहावी. (बूट शिवणे हे तिकडे बायकांचे काम.) त्या सुई कातड्याच्या आरपार नेतच नाहीत! कातड्याच्या जाडीत अर्ध्यापर्यंत सुई खुपसून आडवी बाहेर काढायची. मग कडा दुमडून दुसऱ्या बाजूने टाक्यांची दुसरी रांग. म्हणजे आतून बाहेर सरळ जाणारे भोक एकही नाही. दोरा कॅरिबूच्या पाठीच्या किंवा देवमाशाच्या स्नायुबंधाचा, ज्याला आपण तात म्हणतो. तो पाण्याने फुगतो आणि आपले भोक आपणच बुजवतो. बूट जितका भिजेल तितकी शिवण घट्ट!

बूट शिवून झाला म्हणजे काम संपले असेही नाही. शिकारी घरी येतो तेव्हा आत शिरण्याआधी कपड्यांवरचे आणि बुटांवरचे बर्फ काठीने झोडून काढतात, नाहीतर ते उबेत वितळून कातड्यात मुरते. मग सीलच्या चरबीवर जळणाऱ्या दगडी दिव्यावर एक मांडव असतो, त्यावर बूट आणि मोजे रात्रभर वाळतात. दिव्याची वात सांभाळायची तीही बाईनेच. वाळलेले कातडे सकाळी लाकडासारखे ताठ होते. ते घासून किंवा दातांनी चावून ती मऊ करते. तळाच्या कडेला चुण्या पाडायच्या त्याही दातांनीच. म्हाताऱ्या बायकांचे दात या कामाने हिरड्यांपर्यंत झिजलेले असत, असे वाचल्यावर मी पुस्तक जरा बाजूला ठेवले. एक टाका चुकला तर नवऱ्याचा अंगठा जायचा. भाला मारणाऱ्याचे नाव होते, पण त्याला भोकाशी उभे ठेवणारी सुई घरात होती. आता तिकडच्या शिकाऱ्यांकडे बर्फावरच्या मोटारगाड्या आणि कारखान्यातले बूट आले आहेत, तरी कामिक शिवणाऱ्या बायका आजही आहेत.

स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडील सामी लोकांनी तर मोज्यालाच फाटा दिला. आपल्या ओढ्याकाठी लव्हाळा उगवतो, त्याच कुळातले एक गवत ते उन्हाळ्याअखेर कापतात, बडवून मऊ करतात, वाळवून त्याच्या वेण्या घालून ठेवतात. रेनडिअरच्या कातड्याच्या बुटात हे गवत भरून त्यात उघडा पाय घालायचा. संध्याकाळी गवत उपसून विस्तवाशी वाळवायचे, सकाळी पुन्हा भरायचे. 1888 साली नान्सेनने ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडले तेव्हा त्याच्याबरोबर दोन सामी होते आणि हे गवतही होते. गवताची युक्ती त्याहून कितीतरी जुनी. आल्प्स पर्वतात 1991 साली सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या माणसाचे बर्फात टिकलेले शव सापडले. जवळ धनुष्य आणि बाण, आणि पायांत अस्वलाच्या कातड्याचा तळ व हरणाच्या कातड्याचा वरचा भाग असलेले बूट. आत झाडाच्या सालीच्या दोरीचे जाळे आणि त्यात गवत ठासलेले!

आता याच्यापुढे शहाण्या जगाची गोष्ट ऐका. अमेरिकेच्या मेन राज्यात बीन नावाचा एक दुकानदार 1911 साली शिकारीहून ओल्या, गारठलेल्या पायांनी परतला. नुसते कातडे भिजते आणि नुसत्या रबरात पाय घामेजतो, म्हणून त्याने तळ रबराचा आणि वरचा भाग कातड्याचा असा बूट शिवून घेतला. कल्पना उत्तम होती. पण पहिल्या शंभर जोडांपैकी नव्वद परत आले. कुठे फाटले असतील? शिवणीत! बीनने सर्वांचे पैसे परत केले, कर्ज काढून बूट सुधारला आणि पुढे त्यावरच त्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. माणूस सचोटीचा खरा. तरी मला वाटले, त्याने एखाद्या इन्युइट आजीला विचारले असते तर नव्वद जोड वाचले असते.

राहता राहिले अण्णा. पाय बिघडायला बर्फच लागते असे नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलपाण्यात उभे राहून हजारो सैनिकांचे पाय पांढरे, बधिर होऊन सुजले, काहींचे कापावे लागले. तिथे तापमान गोठणबिंदूच्या वर होते. उपाय काय, तर रोज पाय कोरडे करणे, तेल चोळणे, मोजे बदलणे. म्हणजे आई चुलीपुढे जे करत होती तेच.

नाताळच्या सुट्टीत मी हे सगळे आईला सांगितले. ती गोधडी शिवत होती. अर्ध्या टाक्याची गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली, कागदावर काढलेले चित्र तिला पटेना, म्हणून शेवटी चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर सुई घालून पाहिली आणि म्हणाली, "जमतंय की." मग तिने माळ्यावरची कुसर लागलेली घोंगडी काढली, चांगला भाग कापून पायमोजांच्या दोन जोड्या शिवल्या. लोकर भिजली तरी सुतासारखी गार पडत नाही, हे पुस्तकात होते. आईला ते पुस्तकाआधी ठाऊक होते. आठ नंबरचे बूट त्यात घट्ट होऊ लागले, ते धाकट्या भावाकडे गेले आणि अण्णांना नऊ नंबरचे घ्यावे लागले. पुन्हा दोन महिन्यांची कमाई!

अण्णा आता मध्यरात्री बांधावर बसून मोजे बदलतात. ओली जोडी पहाटे घरी येते आणि आई ती चुलीच्या वैलापाशी वाळत घालते. परवा विचारले तर म्हणाले, "उजव्या पायाचा जरा चावतो, पण चालतंय." उजव्याची शिवण आई उसवून पुन्हा घालणार आहे.