एकाच कारखानदाराकडून शास्त्रीय उपकरणांची खरेदी

सरकारी खात्यास एखादी वस्तु घ्यावयाची झाल्यास टेंडरें मागवून, त्यांची तुलना करून मग ती घ्यावी, असा सामान्य दंडक आहे. परंतु शास्त्रीय मोजमापाचीं यंत्रें घेतांना कधीं कधीं एकाच कारखानदाराकडे मागणी केली जाते. त्यांत कांहीं काळेंबेरें असावें, असा संशय शेतकरी बांधवांस येणें साहजिक आहे. तो केव्हां रास्त ठरतो, हें येथें पाहूं.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांपैकीं १६६ वा नियम अशा खरेदीचे तीन प्रसंग सांगतो: ती वस्तु एकच कारखानदार बनवीत असल्यास; निकड असल्यास; अथवा नवें यंत्र किंवा सुटे भाग आधींच्या यंत्रांशीं जुळणें अवश्य असल्यास. निकडीचें कारण लिहून ठेवावें लागतें, व जुळणीच्या बाबतींत जाणत्या तज्ज्ञाचा सल्ला लागतो. दुसरी बनावट कां चालणार नाहीं, याचा सकारण दाखलाहि द्यावा लागतो.

आतां दोन उदाहरणें घेऊं. साधें पर्जन्यमापक ठराविक मापाचें असतें. तें कोणीहि कुशल कारागीर बनवूं शकतो. तेथें एकाच दुकानाचा आग्रह धरण्यास आधार नाहीं.

जमिनीचा ओलावा मोजणाऱ्या विद्युत्-यंत्राची गोष्ट निराळी. विद्युद्भार सांठविण्यास साह्य करण्याचा गुण पाण्यांत कोरड्या मातीच्या सुमारें वीस पट असतो. यंत्र तो गुण मोजतें व त्यावरून ओलाव्याचा आंकडा काढतें. परंतु प्रत्येक कारखानदाराची रीत वेगळी असल्यामुळें एकाच वाफ्यांत दोन यंत्रें भिन्न आंकडे दाखवूं शकतात. भारी काळ्या जमिनींत तर हा फरक विशेष जाणवतो. दहा वर्षांची नोंद चालूं असतां मध्येंच बनावट बदलली, तर ओलावा बदलला कीं यंत्र, हें कळेनासें होतें. येथें जुन्याच कारखानदाराकडे जाणें समर्थनीय आहे.

मात्र यांत एक धोका आहे. पुढें दुरुस्तीची व सुट्या भागांची किंमत तोच कारखानदार ठरवूं लागतो. म्हणून सुट्या भागांचे दर, ते पुरविण्याची मुदत व आंकडा काढण्याचें सूत्र हीं पहिल्याच करारांत लिहून घ्यावीं. यंत्राची परीक्षाहि व्हावी: मातीचा नमुना वजन करून, १०५ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत २४ तास वाळवून पुन्हा वजन करावा. जी तूट येते तेंच खरें पाणी.

या आंकड्यावरून पाण्याच्या पाळीचा सल्ला दिला जातो. तो चुकला तर पीक करपतें अथवा मुळें कुजतात, आणि नुकसान यंत्र विकणाऱ्याचें नव्हे, शेतकऱ्याचें होतें. यास्तव दाखल्यांत कारण काय लिहिलें आहे व परीक्षा झाली आहे काय, हें २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वयें विचारण्यास आपण संकोच करूं नये. सबळ कारण असेल तर तें दाखविण्यास खात्यासहि अडचण पडूं नये.